कुटुंबासाठी गजबजलेला समुद्रकिनारा निवडताना: गाव नव्हे, पट्टा निवडा

समुद्रकाठचं एखादं गाव ‘फॅमिलीसाठी मस्त’ आहे असं कुणी सांगतं, तेव्हा तो माणूस बहुतेक वेळा तिथल्या पाचशे मीटर वाळूबद्दलच बोलत असतो. त्याच गावात किलोमीटरभर पुढे गेलात तर पुळण एकदम उतरती होते, लाटा काठावरच आपटतात, नाहीतर एखादा नाला समुद्राला मिळतो. म्हणून गाव निवडून थांबू नका. त्या गावातला कोणता पट्टा, कोणता महिना आणि दिवसाची कोणती वेळ, इथपर्यंत ठरवा. हे सगळं घरबसल्या दोन-तीन संध्याकाळींत होतं. पैसे भरण्याच्या आधी मात्र करायला हवं.

१. नकाशा उघडण्याआधी घरातली माणसं मोजा

‘गजबज’ प्रत्येकाची वेगळी असते. पाच वर्षांच्या मुलाला दहा पावलांवर खेळगडी आणि पाळणे मिळाले की झालं. पंधरा वर्षांच्या मुलीला रात्री नऊनंतर फिरता येईल असा उजेडाचा रस्ता हवा असतो. आजीला बसायला बाक, जवळ स्वच्छतागृह आणि गुडघ्यांना झेपेल अशी वाट हवी. तान्हं बाळ असेल तर दुपारी त्याला झोपवायला खोलीवर परत जाता आलं पाहिजे, नाहीतर सगळ्यांचीच संध्याकाळ जाते.

कागदावर दोन रकाने करा: ‘लागतंच’ आणि ‘असलं तर बरं’. पहिल्या रकान्यात चारपेक्षा जास्त गोष्टी नकोत. दहा लिहिल्यात तर त्यात बसणारा किनारा सापडत नाही, आणि शेवटी फोटो बघून निर्णय होतो. मतभेद झाला तर सगळ्यात लहान आणि सगळ्यात वयस्कर माणसाची गरज आधी धरा. मधल्या वयाची माणसं कुठेही जुळवून घेतात, तोंडाने काहीही म्हणोत.

२. महिना पाहा आणि किनाऱ्याचं तोंड पाहा

एकाच देशाचे दोन किनारे एकाच महिन्यात अगदी उलटे वागू शकतात. श्रीलंकेचा नैऋत्य किनारा साधारण मे ते सप्टेंबर खवळलेला असतो. त्याच काळात पूर्व किनाऱ्यावर पाणी शांत असतं. डिसेंबर-जानेवारीत चित्र उलटं होतं. थायलंडमध्ये फुकेतचा पावसाळा आणि कोह समुईचा सगळ्यात ओला काळ एकत्र येत नाहीत. कारण एक किनारा अंदमान समुद्राकडे तोंड करून आहे आणि दुसरा थायलंडच्या आखाताकडे. त्यामुळे ‘त्या देशाचा सीझन’ विचारू नका. तो किनारा कोणत्या दिशेला उघडा आहे आणि त्या महिन्यात वारा कुठून येतो, हे विचारा. वादळांचा काळही पाहा: अटलांटिक महासागरात तो अधिकृतपणे १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात.

पाण्याचं तापमान हवेच्या मागून चालतं. समशीतोष्ण भागात कडक उन्हाळा सुरू झाला तरी समुद्र महिना-दीड महिना गारच राहतो. उत्तर गोलार्धात अशा ठिकाणी पाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सगळ्यात उबदार असतं. २६ अंश सेल्सियसच्या वर मुलं तासभर आरामात खेळतात. २० अंशांच्या आसपास ती थोड्याच वेळात कुडकुडत बाहेर येतात. हवामानाच्या संकेतस्थळावर हवेचं आणि समुद्राचं तापमान वेगळं दिलेलं असतं, त्यातलं समुद्राचं बघा.

तिथल्या शाळांच्या सुट्ट्या आणि शनिवार-रविवारही तपासा. गजबज हवी आहे, चेंगराचेंगरी नको.

३. उपग्रह नकाशावरून पुळण वाचायला शिका

जाहिरातीतला फोटो सगळ्यात चांगल्या दिवशी, सगळ्यात चांगल्या कोनातून काढलेला असतो. उपग्रहाला त्या गावाचं कौतुक नसतं. गूगल अर्थ प्रोमध्ये एकाच जागेची जुनी चित्रंही दिसतात. ती एकामागून एक पाहिली की किनारा किती बदलतो ते कळतं. त्यात हे शोधा:

- फेसाच्या रेषा. काठापासून दूरवर एकामागून एक पांढऱ्या रेषा दिसत असतील तर तळ सपाट आहे आणि लाटा लांबूनच फुटत येतात. काठाला चिकटून एकच बारीक पांढरी रेषा असेल तर उतार तीव्र आहे. तिथे लाट थेट पायांवर आपटते, मोठ्या माणसालाही पाडते. मानेच्या आणि खांद्याच्या दुखापती अशाच ठिकाणी होतात.
- फेसाच्या रेषेतली गडद खिंडारं. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा काळसर, शांत आहे, अशा ठिकाणी काठावर आलेलं पाणी परत आत जातं. हाच रिप करंट. त्याच्याबद्दल पुढे पाचव्या पायरीत.
- तपकिरी पंखा. खाडीचं मुख, नाला किंवा सांडपाण्याची वाट समुद्रात मिळते तिथे गढूळ पाणी पंख्यासारखं पसरलेलं दिसतं. त्याच्या आजूबाजूचा पट्टा सोडून द्या.
- उथळ पाण्यातले काळे ठिपके. खडक किंवा समुद्री गवत. खडक असतील तर पायात जलबूट हवेत.
- धक्के आणि दगडी बांध. बांधाच्या एका बाजूला वाळू साठते, दुसऱ्या बाजूला खंगते. बांधाला लागून पाणी बरेचदा आत खेचलं जातं, म्हणून तिथे मुलांना उतरवायचं नाही.

वाळूचा पोतही उतार सांगतो. बारीक, दाबली की घट्ट बसणारी वाळू असेल तर पुळण बहुधा सपाट असते. वाळू भरड असेल किंवा गोटे असतील तर लाटेचं पाणी त्यात मुरतं, परत फिरणारा ओघ दुबळा पडतो आणि वर आलेली वाळू वरच राहते. त्यामुळे असा किनारा उभा होत जातो. लोकांनी टाकलेल्या फोटोंत पावलांचे ठसे बघा. ठसा उथळ आणि रेखीव असेल तर चांगलं. पाय घोट्यापर्यंत रुतलेला दिसला तर बाबागाडी आणि आजी दोघांचंही तिथे अवघड आहे.

शेवटी मोजपट्टीने रस्त्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. छत्री, पिशव्या आणि कडेवरचं पोर घेऊन तापलेल्या वाळूतून १०० मीटर जाता येतं. ४०० मीटर गेलात तर परत यायच्या नावानेच अंगावर काटा येतो.

४. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आरक्षणाआधी काढा

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. ‘अरे, समुद्रच नाहीये इथे, नुसता चिखल!’ अशा तक्रारींचं मूळही बहुतेक वेळा इथेच असतं.

बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ही सरक जवळपास सहा तास होते. म्हणजे गेल्या शनिवारी सकाळी दहाला जिथे भरती होती, तिथे या शनिवारी सकाळी दहाला ओहोटी असते. शेजाऱ्यांनी ज्या किनाऱ्याची तारीफ केली, तो तुम्हाला तसाच दिसेलच असं नाही, ते यामुळेच.

किती फरक पडतो त्याचं गणित सोपं आहे. पुळणीचा उतार ५० मीटरला १ मीटर असेल आणि भरती-ओहोटीतला फरक ४ मीटर असेल, तर पाणी २०० मीटर मागे हटतं. अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत, म्हणजे उधाणात, हा फरक सगळ्यात मोठा. अष्टमीच्या आसपास, भांगेच्या वेळी, सगळ्यात लहान. मुलं लहान असतील तर भांगेचे दिवस धरून तारखा निवडणं फार सोयीचं पडतं, कारण दिवसभर पाणी फार लांब जात नाही आणि फार अंगावर येत नाही. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी हा फरक इतका कमी असतो की ही पायरी सोडली तरी चालेल. काही किनाऱ्यांवर दिवसातून एकच भरती येते, तेव्हा वेळापत्रक त्या ठिकाणचंच घ्या, शेजारच्या बंदराचं नको.

एक गोष्ट मनात ठेवा: भरती एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांचे सहा भाग केले तर पाणी ढोबळमानाने बाराव्या हिश्शांच्या हिशेबात १, २, ३, ३, २, १ असं चढतं. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी येतं. ओहोटीत चालत गाठलेला खडक किंवा वाळूचा दांडा पहिल्या तासात सुरक्षित वाटतो, आणि पुढच्या दोन तासांत परतीची वाट बुडते. अशा जागी जायचं असेल तर ओहोटीच्या टोकाच्या आधी जा आणि पाणी फिरलं की लगेच निघा.

५. पाण्याची सुरक्षितता: बावटे, जीवरक्षक, पाऊस

ज्या पट्ट्यावर जीवरक्षक आहेत, तोच पट्टा निवडा. पण ‘जीवरक्षक आहेत’ एवढ्यावर समाधान मानू नका. कोणत्या महिन्यांत आणि किती ते किती, हे विचारा. बऱ्याच ठिकाणी ते हंगामापुरते असतात आणि संध्याकाळी ड्युटी संपवून निघून जातात. पाणी सगळ्यात सुंदर दिसतं ते नेमकं त्यानंतर.

बावट्यांची भाषा पुष्कळ देशांत मिळतीजुळती आहे:

- वर लाल, खाली पिवळा असा दुरंगी बावटा: अशा दोन बावट्यांच्या मधल्या भागावर जीवरक्षकांची नजर आहे. पोहायचं ते इथेच.
- पिवळा: सावध राहा.
- लाल: धोका. दोन लाल एकावर एक: पाण्यात उतरायला बंदी.
- जांभळा: डंख मारणारे समुद्री जीव.
- काळे-पांढरे चौकोन: लाटांवर घसरायच्या फळ्या (सर्फबोर्ड) आणि वल्हवायच्या होड्यांचा भाग, पोहणाऱ्यांचा नाही.

स्थानिक फरक असतात, म्हणून प्रवेशाशी लावलेली पाटी वाचाच. आणि ‘ब्लू फ्लॅग’ या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे. १९८५ साली फ्रान्समध्ये सुरू झालेलं ते प्रमाणपत्र आहे. पाण्याची स्वच्छता, व्यवस्थापन आणि सोयी यांचे निकष पाळणाऱ्या किनाऱ्याला ते मिळतं. तिथे स्वच्छतागृहं आणि प्रथमोपचार मिळण्याची शक्यता चांगली, पण आज लाटा कशा आहेत हे तो निळा बावटा सांगत नाही.

आता रिप करंट. सापळा असा की पालक मुलांना उतरवायला ‘लाटा नसलेली शांत जागा’ शोधतात, आणि ती शांत जागाच बरेचदा परतीच्या प्रवाहाची वाट असते. ओळखायचं कसं? उंचावर उभं राहून दहा मिनिटं फक्त बघा. लाटांच्या रांगेत खंड पडलेला पट्टा, गडद किंवा गढूळ पाणी, आणि फेस, शेवाळ, काटक्या काठाकडे न येता आत जाताना दिसल्या, तर तो पट्टा टाळा. जोर असला की या प्रवाहाचा वेग सेकंदाला २ मीटरपर्यंत जातो, तिथे कसलेला पोहणाराही उलट पोहून टिकत नाही. सापडलात तर काठाकडे झुंजू नका. तो खाली ओढत नाही, लांब नेतो. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि दम असेल तर काठाला समांतर, जिथे लाटा फुटताहेत त्या दिशेने सरका. मुलांना हे घरी, कोरड्यात, चित्र काढून शिकवा.

जोरदार पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस नाल्या-खाडीच्या जवळ पाण्यात उतरू नका, शहराची घाण तेव्हा तिथेच येते. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर काठाचं पाणी गुळगुळीत दिसतं आणि हवेच्या गाद्या, फुगे पोरासकट आत निघून जातात. अशा दिवशी ते खेळणं खोलीवरच.

जेलीफिशचा हंगाम असतो का, आणि डंख झाला तर तिथे काय लावतात, हे जीवरक्षकालाच विचारा. जातीप्रमाणे उपचार बदलतो. वाळूने चोळणं मात्र कुठेच नको.

६. गजबज मोजा: दिवसाची आणि रात्रीची

चांगली गजबज म्हणजे पायी फिरता येणारी. वाहनं बंद असलेला समुद्राकाठचा रस्ता, दिवे, बाक, पाळणे, २०० मीटरच्या आत स्वच्छतागृह. हे सगळं असेल तर मुलांना रोज संध्याकाळी काय करायचं हा प्रश्न उरत नाही.

रात्रीच्या आवाजाचा अंदाज घ्यायची साधी युक्ती आहे. मुक्कामाच्या जागेभोवती १५० मीटरचं वर्तुळ कल्पून त्यातल्या प्रत्येक बारच्या आणि डान्स क्लबच्या बंद व्हायच्या वेळा नकाशावर बघा. रात्री एकनंतरची वेळ दोन-तीन ठिकाणी दिसली तर पुढची गल्ली शोधा. मग परीक्षणं फक्त तुमच्या महिन्यातली काढा आणि कमी तारे दिलेली आधी वाचा. ‘आवाज’, ‘संगीत’, ‘बांधकाम’, ‘वास’ हे शब्द शोधा. एखाद्याने रागाच्या भरात लिहिलं असेल, पण पाच जणांनी एकच गोष्ट लिहिली तर ती खरी धरावी.

मुक्काम गर्दीच्या मध्यावर घेऊ नका. तिथून ३०० ते ६०० मीटरवर, मोठा रस्ता ओलांडावा लागणार नाही अशा बाजूला, समुद्रापासून दुसऱ्या रांगेत घ्या. पहिल्या रांगेचं भाडं दृश्याचं असतं, आणि ते दृश्य तुम्ही दिवसभर खाली उभं राहून बघणारच आहात.

७. राहायची जागा: शब्दांचे सापळे

‘बीचफ्रंट’ म्हणजे मध्ये रस्ता नाही, असा अर्थ आपण घेतो. लिहिणारा तो घेतोच असं नाही. ‘सी व्ह्यू’मध्ये समुद्र दिसतो, जवळ असेलच असं नाही. ‘पार्शल सी व्ह्यू’ म्हणजे गॅलरीत उभं राहून मान वळवावी लागेल. ‘पाच मिनिटांवर’ वाचलं की पायी का गाडीने, ते विचारा.

दोन खोल्या घेत असाल तर ‘कनेक्टिंग’ आणि ‘ॲडजॉइनिंग’मधला फरक पक्का करा. पहिल्यात मधून दार असतं, दुसऱ्यात खोल्या फक्त शेजारी असतात.

आरक्षणाआधी लेखी विचारायचे प्रश्न:

- जादा खाट मिळेल का नुसती गादी? कितव्या वर्षापर्यंत मुलाचं भाडं नाही?
- गॅलरीच्या गजांमधलं अंतर किती? १० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर लहान मुलासाठी ती खोली नको.
- पोहण्याच्या तलावाला कुंपण आणि मुलांसाठी वेगळा उथळ भाग आहे का?
- लिफ्ट आहे का, आणि दारापासून वाळूपर्यंत किती पायऱ्या?
- वाळू धुवायला बाहेर शॉवर आहे का?
- खोली लवकर मिळाली नाही तर सामान कुठे ठेवता येईल?

८. कागदपत्रं आणि आरक्षण

- सगळ्यांची ओळखपत्रं, परदेश असेल तर पासपोर्ट. बरेच देश परतीनंतरही सहा महिन्यांची वैधता मागतात.
- मुलांचे जन्मदाखले. एकच पालक सोबत असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र.
- प्रवास विम्याची प्रत. त्यात जलक्रीडा वगळलेली असते का, ते वाचा. पॅरासेलिंग आणि जेट स्की बरेचदा वगळतात.
- नेहमीच्या औषधांच्या चिठ्ठ्या, औषधांची मूळ नावं लिहिलेल्या.
- आरक्षणाची पावती फोनमध्ये आणि कागदावरही.

‘मोफत रद्द’ची मुदत बहुधा तिथल्या स्थानिक वेळेने संपते. मुदतीच्या आदल्या दिवशी हवामान बघून काय तो निर्णय घ्या. आणि आरक्षण एका ठिकाणी, पैसे दुसऱ्याच खात्यावर मागितले, तर तिथेच थांबा.

९. सामान

सनस्क्रीनचं गणित बहुतेकांचं चुकतं. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला एका वेळी सुमारे ३५ मिलिलिटर लागतं आणि दर दोन तासांनी, पाण्यातून आल्यावरही, परत लावावं लागतं. दोघांना तीन वेळा म्हणजे २१० मिलिलिटर: अख्खी बाटली एका दिवसात. म्हणून सगळ्यांना लांब बाह्यांचे पोहण्याचे शर्ट घ्या, उरलेल्या अंगालाच क्रीम लागेल. एसपीएफ ३० किंवा जास्त, उन्हात जाण्याआधी पंधरा-वीस मिनिटं. सहा महिन्यांखालच्या बाळाला क्रीमपेक्षा सावली आणि कपडे. आपली सावली उंचीपेक्षा आखूड पडली की ऊन कडक आहे असं समजा.

जीवनरक्षक जाकीट स्वतःचं नेलेलं बरं, मुलाच्या वजनाप्रमाणे निवडलेलं. ते घालून, पट्टे आवळून, खांद्यांशी धरून वर उचला. जाकीट हनुवटी-कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं घ्या. हातात चढवायचे फुगे म्हणजे खेळणं, त्याच्यावर विसंबू नका.

बाकी: जलबूट, कडक काठांच्या टोप्या, पिण्याचं भरपूर पाणी, प्रथमोपचाराची पेटी, चिमटा, जलरोधक पिशवी, भडक रंगाचे पोहण्याचे कपडे. निळे-पांढरे कपडे पाण्यात दिसतच नाहीत.

१०. पोचल्यावरचा पहिला तास

सामान टाकून थेट पाण्यात धावायचं नाही. आधी ती दहा मिनिटं उंचावरून बघा. मग जीवरक्षकाला दोनच प्रश्न: आज कुठे उतरायचं, आणि कुठे अजिबात नाही?

मुलांना हरवल्यावर गाठायची खूण दाखवा. रंगीत छत्री खूण म्हणून चालत नाही, तशा शंभर असतात. जीवरक्षकाचा मनोरा, उंच इमारत असं हलत नसलेलं काहीतरी हवं. पाणी हळूहळू काठाने वाहवत नेतं, त्यामुळे बाहेर आलेलं मूल बरेचदा शंभर मीटर बाजूला निघतं आणि आपली माणसं शोधत उलट्या दिशेला चालू लागतं. मनगटावर फोन नंबर लिहा आणि त्या दिवशीच्या कपड्यांत एक फोटो काढून ठेवा.

पाण्यावर नजर ठेवायची पाळी लावा, एका वेळी एकाच मोठ्या माणसाची, पंधरा-वीस मिनिटांची. त्या वेळात फोन दुसऱ्याच्या हातात. ‘सगळे बघताहेत’ म्हणजे कुणीच बघत नसतं. पाच वर्षांखालचं मूल हाताच्या अंतरावरच.

वाळूत खड्डा खणायचा असेल तर सगळ्यात लहान मुलाच्या गुडघ्याइतकाच खोल, कारण कोरडी वाळू न सांगता ढासळते. आणि निघताना तो बुजवा. अंधारात तिथून पळत येणाऱ्याला तो दिसत नाही.